बसचालकाची मागणी, दुकानामागचा वर्ग: जॉन्स आयलंडचं प्रकरण (१९५४ ते १९७०)

स्थानिक पातळीवर काम करणाऱ्या धडपड्या माणसांसाठी नेतृत्व विकासाच्या फेलोशिप आता आपल्याकडे बऱ्याच झाल्या आहेत. अर्ज येतात, मुलाखती होतात, निवासी शिबिरं होतात, मानधन मिळतं, वर्ष संपताना प्रत्येक जण आपापलं काम मांडतो. या सगळ्यात मला एक प्रश्न सर्वांत मोलाचा वाटतो, आणि नेमका तोच शेवटी, घाईघाईत विचारला जातो. शिबिर आटोपून माणूस आपल्या गावी परतला की त्याला घडवणारी संस्था पुढे काय करते?

या प्रश्नाचं माझ्या माहितीतलं सर्वांत भक्कम उत्तर अमेरिकेतल्या एका बेटावर, १९५० च्या दशकात सापडतं. तिथे एका बसचालकाने एका प्रशिक्षण संस्थेकडे एक मागणी केली. संस्थेला तेव्हा वेगळंच काही शिकवायचं होतं. तरी तिने आपला विषय बाजूला ठेवला आणि त्याची मागणी उचलून धरली. पुढे तिथे जे घडलं त्याची पुनरावृत्ती अमेरिकेच्या दक्षिणेत शेकडो ठिकाणी झाली. कोणी काय ठरवलं, का ठरवलं आणि त्यातून काय निघालं, हे इथे जरा सविस्तर मांडतो.

बेट आणि त्याची अडचण

दक्षिण कॅरोलायना राज्याच्या किनाऱ्याला लागून खाड्यांनी तुटलेली बरीच बेटं आहेत. त्यांना सी आयलंड्स म्हणतात. गुलामगिरीच्या काळात भात आणि कापूस पिकवण्यासाठी आणलेल्या आफ्रिकी माणसांचे वंशज पिढ्यान् पिढ्या तिथेच राहिले. मुख्य भूमीशी संबंध कमी आल्यामुळे त्यांची गुल्ला ही बोलीही टिकली. जॉन्स आयलंड हे त्यातलंच एक, चार्ल्सटन शहराजवळचं. १९५० पर्यंत पूल झाले होते आणि बेटावरची माणसं रोज शहरात कामाला जात: कोणी गोऱ्यांच्या घरी घरकामाला, कोणी कारखान्यात.

मताचा हक्क कागदावर होता, पण नोंदणीच्या टेबलाशी अडत होता. नोंदणी करायची तर राज्याच्या घटनेतला अधिकारी दाखवेल तो भाग वाचून दाखवावा लागे, नाहीतर किमान ३०० डॉलर मूल्यांकनाची मालमत्ता नावावर असावी लागे. शेतमजुरी करून, शाळा अर्धवट सोडून मोठ्या झालेल्या माणसाकडे यातलं काहीच नसायचं. बेटावर कृष्णवर्णीयांची संख्या मोठी होती, पण मतदार यादीत त्यांची नावं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी.

ईसॉ जेंकिन्स याच बेटावरचे. जन्म १९१०. शाळा चौथीच्या आसपास सुटली. भाजीपाला पिकवून चार्ल्सटनला विकायचे. तिथले भाजीचे व्यापारी ग्रीक होते, तर व्यवहार नीट व्हावा म्हणून हे गृहस्थ कामापुरती ग्रीक शिकले! पुढे त्यांनी बस घेतली. बेटावरच्या मुलांना शहरातल्या हायस्कुलात आणि मोठ्यांना कामावर नेऊ-आणू लागले. १९४८ मध्ये बेटावरच्या लोकांना घेऊन ‘प्रोग्रेसिव्ह क्लब’ उभा केला. अडलेल्याला मदत करायची, अन्याय झाला तर वकील द्यायचा, नोंदणीला माणसं न्यायची, असं त्याचं काम चाले.

जेंकिन्स महत्त्वाकांक्षी होते, हे मुद्दाम लिहितो. आपल्या सामाजिक क्षेत्रात हा शब्द जरा दबकत वापरला जातो; कार्यकर्त्याला महत्त्वाकांक्षा असली की त्याच्या हेतूवरच शंका घेतात. जेंकिन्स यांना बेटाच्या शालेय मंडळावर निवडून यायचं होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही. १९५४ मध्ये ते उभे राहिले आणि पडले. कारण उघड होतं, त्यांना मत देऊ शकणारी माणसं यादीतच नव्हती. स्वतःचं निवडून येणं आणि शेजाऱ्याला वाचता येणं या दोन गोष्टी त्यांच्या बाबतीत एकमेकींत इतक्या गुंतलेल्या होत्या की एकीशिवाय दुसरी होणारच नव्हती. फेलो निवडणाऱ्यांनी महत्त्वाकांक्षेची हीच जात ओळखायला शिकलं पाहिजे.

बसमध्ये ते प्रवाशांना घटनेतले उतारे वाचून दाखवत, नोंदणीचे नियम सांगत. अ‍ॅलिस वाइन नावाच्या एका प्रवासी बाईंनी तो भाग ऐकून ऐकून पाठ केला आणि नोंदणी करून घेतली. पण पाठ म्हणता येणं वेगळं आणि वाचता येणं वेगळं, हे त्यांनाही कळत होतं. त्यांना खरोखर वाचायला शिकायचं होतं. बसमधल्या त्या तेवढ्या वेळात ते शक्य नव्हतं.

डोंगरावरची शाळा

टेनेसी राज्यातल्या मंटीगल गावाजवळ १९३२ मध्ये मायल्स हॉर्टन आणि डॉन वेस्ट यांनी ‘हायलँडर फोक स्कूल’ सुरू केली. हॉर्टन यांनी त्याआधी डेन्मार्कला जाऊन तिथल्या लोकशाळा पाहिल्या होत्या. हायलँडरमध्ये पदवी मिळत नसे, परीक्षा नसे. सुरुवातीची वर्षं कामगार संघटनांचे कार्यकर्ते तिथे येत. १९५३ पासून वंशभेद हा मुख्य विषय झाला. काळे-गोरे एकाच टेबलावर जेवत आणि एकाच आवारात राहत. त्या काळच्या टेनेसीत तेवढं करणंसुद्धा कायद्याला आव्हान होतं.

शिबिरात आलेल्याने सोबत एक प्रश्न आणायचा, आपल्या गावातला, खरा, अजून न सुटलेला. चर्चा त्या प्रश्नांवर व्हायची. आणि शेवटच्या बैठकीत प्रत्येकाने सांगायचं, परत गेल्यावर मी काय करणार आहे.

१९५५ च्या उन्हाळ्यात माँटगोमेरीहून रोझा पार्क्स अशाच एका शिबिराला आल्या. शिवणकाम करणाऱ्या, वय ४२, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेच्या स्थानिक शाखेत बरीच वर्षं काम केलेल्या. त्यांच्या येण्याजाण्याच्या खर्चाची सोय शिष्यवृत्तीतून झाली होती. शेवटच्या बैठकीत त्यांनी सांगितलं की आमच्या शहरात फार काही होईल असं वाटत नाही, लोक एकत्र राहणार नाहीत. मी आपली तरुण मुलांसोबत काम करत राहीन. चारच महिन्यांत, १ डिसेंबरला, त्यांनी गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा सोडायला नकार दिला आणि त्यातून शहरातल्या कृष्णवर्णीयांचा बसवरचा बहिष्कार उभा राहिला. हा प्रसंग सगळ्यांना ठाऊक असतो. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की ‘कृती आराखडा’ म्हणून त्यांनी जे मांडलं होतं त्याच्याशी पुढच्या घटनेचा काही मेळ बसत नाही. शिबिराच्या अखेरीस भरून घेतलेल्या तक्त्यांवर ज्यांची फार श्रद्धा आहे त्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

मागणी

१९५४ च्या उन्हाळ्यात जेंकिन्स हायलँडरला आले. त्यांना आणलं सेप्टिमा क्लार्क यांनी. क्लार्क चार्ल्सटनच्या शिक्षिका. १९१६ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांची पहिली नेमणूक जॉन्स आयलंडवरच झाली होती; तेव्हा तिथे होडीनेच जावं लागे. ईसॉ जेंकिन्स लहान होते तेव्हापासून त्या त्यांना ओळखत होत्या.

शिबिराचा विषय होता संयुक्त राष्ट्रसंघ. त्यावर चर्चा चालू असताना, गावी काय करायचं आहे असं विचारल्यावर जेंकिन्स यांनी सांगितलं की मला प्रौढांसाठी शाळा हवी आहे, माझ्या लोकांना घटना वाचता आली पाहिजे म्हणजे त्यांची नोंदणी होईल.

एखाद्या कार्यक्रमाच्या संचालकाने अशा वेळी काय केलं असतं? विषयाला धरून बोला, असं नम्रपणे सुचवलं असतं. किंवा ‘छान कल्पना आहे’ म्हणून वहीत टिपून ठेवली असती. हायलँडरने शिबिराचा विषय सोडून ही मागणी धरली. ते शक्य झालं त्याला एक व्यावहारिक कारणही होतं. १९५३ मध्ये एमिल श्वार्त्सहाउप्ट फाउंडेशनने हायलँडरला ग्रामीण भागात स्थानिक नेतृत्व घडवण्यासाठी तीन वर्षांचं अनुदान दिलं होतं. त्यात किती जणांना प्रशिक्षण द्यायचं आणि कोणत्या विषयावर, याच्या बेड्या नव्हत्या. पैसा असा सैल हाती असल्याशिवाय संस्थेला ऐकून घेणं परवडत नाही. बारीकसारीक उद्दिष्टांत बांधलेल्या अनुदानावर चालणारी फेलोशिप कितीही संवेदनशील माणसांच्या हाती दिली तरी तिला जेंकिन्सची मागणी ऐकू येणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

अडीच वर्षं

मागणी १९५४ ची, वर्ग सुरू झाला जानेवारी १९५७ मध्ये. मधला काळ वाया गेला नाही.

हॉर्टन स्वतः बेटावर जाऊन राहिले, लोकांशी बोलले. पहिल्यांदा जे कळलं ते असं: प्रौढ साक्षरतेचे सरकारी वर्ग बेटावर याआधी झाले होते आणि बंद पडले होते. शेतात राबून आलेल्या माणसांना मुलांच्या बाकांवर, गुडघे छातीशी घेऊन बसावं लागे. मुलं त्यांना लंबूटांग्या कोळी म्हणून चिडवत. पुस्तकंही पहिलीच्या मुलांचीच. माणसं आली नाहीत याचा अर्थ त्यांना शिकायचं नव्हतं असा लावला गेला होता. खरं कारण अपमान हे होतं.

जागा मिळेना. शाळेच्या मुख्याध्यापकांनी नकार दिला, चर्चनेही दिला. दोघांची भीती खरी होती. त्या वर्षांत गोऱ्यांच्या ‘सिटिझन्स कौन्सिल’ नावाच्या संघटना गावोगाव उभ्या राहत होत्या आणि हक्कांची भाषा करणाऱ्याची नोकरी, कर्ज, भाडेपट्टा, जिथे हात पोहोचेल तिथे गळा आवळत होत्या.

या काळातच क्लार्क यांच्यावर कुऱ्हाड पडली. १९५६ मध्ये दक्षिण कॅरोलायनाने कायदा केला की सरकारी नोकराला एनएएसीपीचा सभासद राहता येणार नाही. क्लार्क यांनी सभासदत्व लपवायला नकार दिला. चाळीस वर्षांची नोकरी गेली, निवृत्तिवेतनही गेलं. त्यांनी या कायद्याविरुद्ध उभं राहण्यासाठी ७०० हून अधिक कृष्णवर्णीय शिक्षकांना पत्रं पाठवली होती. थोड्यांनी उत्तर दिलं, आणि प्रत्यक्ष अधिकाऱ्याला भेटायची वेळ आली तेव्हा सोबत उरले फक्त पाच जण. पुढे क्लार्क यांनी याचा दोष त्या शिक्षकांवर टाकला नाही. ज्यासाठी त्यांची तयारी झालेली नव्हती त्यात मी त्यांना ढकललं, असं त्या सांगत राहिल्या. आधी तयारी, मग हाक, हा धडा त्यांनी आयुष्यभर पाळला, आणि बेटावरच्या वर्गाची सगळी आखणी त्यावरच उभी आहे.

नोकरी गेल्यावर हायलँडरने त्यांना शिबिरांची प्रमुख म्हणून बोलावून घेतलं.

जागा, पैसा, शिक्षिका

प्रोग्रेसिव्ह क्लबने बेटावरची एक जुनी शाळेची इमारत विकत घ्यायचं ठरवलं. हायलँडरने १,५०० डॉलर बिनव्याजी दिले, कर्ज म्हणून. ही बाब लहान दिसते, पण संस्थेने इमारत घेऊन दिली असती तर ती संस्थेची झाली असती. कर्जामुळे ती क्लबची झाली आणि फेडायची जबाबदारीही बेटाचीच राहिली. पुढच्या भागात सहकारी किराणा दुकान थाटलं, मागच्या खोल्यांत वर्ग. दुकान दोन कामं करी. त्यातून पैसे येत, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या गोऱ्या माणसाला आत फक्त दुकानच दिसे.

शिकवणार कोण? इथला निर्णय मला या संपूर्ण प्रकरणात सर्वांत धाडसी वाटतो. क्लार्क स्वतः चाळीस वर्षांच्या अनुभवी शिक्षिका होत्या, तरी त्यांनी आणि हॉर्टन यांनी प्रशिक्षित शिक्षक घ्यायचा नाही असं ठरवलं. प्रशिक्षित शिक्षकाला शाळेच्या सवयी असतात आणि तो प्रौढांना मुलांसारखं वागवतो, हा एक भाग. दुसरा भाग निव्वळ सुरक्षिततेचा होता, शिक्षक सरकारी पगारावर, त्याला एका दिवसात घरी बसवता येतं.

निवड झाली बर्निस रॉबिन्सन यांची. त्या क्लार्क यांच्या नात्यातल्या, चार्ल्सटनमध्ये ब्यूटी पार्लर चालवणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या. त्यांची सगळी गिऱ्हाइकं कृष्णवर्णीय होती. कोणताही गोरा मालक त्यांना कामावरून काढू शकत नव्हता, कारण त्यांना मालकच नव्हता. शिवाय पार्लरमध्ये तासन्‌तास बायकांचं बोलणं ऐकायची सवय. कोणाच्या घरात काय चाललंय, कोणाला कशाची लाज वाटते, हे त्यांना माहीत. रॉबिन्सन यांनी आधी नकारच दिला, आपण शिकवलेलं नाही कधी, म्हणाल्या. त्यांना सांगण्यात आलं की नेमक्या त्याचसाठी तुम्ही हव्या आहात.

आपल्याकडे फेलोंच्या निवडीत शिक्षण, भाषा, मांडणी यांना गुण असतात. ‘या व्यक्तीच्या पोटावर कोण पाय देऊ शकतं?’ हा रकाना मी अजून कुठल्या अर्जात पाहिलेला नाही. गावात प्रस्थापितांच्या विरोधात उभं राहायचं असेल तर तो रकाना पहिला हवा. ज्याची बायको सरपंचाच्या शिफारशीने अंगणवाडीत लागली आहे त्याच्याकडून ग्रामसभेत त्याच सरपंचाला प्रश्न विचारण्याची अपेक्षा करणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

वर्ग

पहिला वर्ग ७ जानेवारी १९५७ ला भरला. शेतीची कामं कमी असण्याचे दिवस, आठवड्यातून दोन संध्याकाळी, दोन-दोन तास. १४ प्रौढ आले, त्यात बहुतेक बायका. शिवण शिकायला काही शाळकरी मुलीही येऊ लागल्या.

रॉबिन्सन यांनी नेलेलं प्राथमिक शाळेचं साहित्य लगेच बाजूला पडलं. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की मी शिक्षिका नाही, आपण बरोबर शिकू. मग प्रत्येकाला विचारलं, तुम्हाला काय शिकायचंय? उत्तरं साधी होती. आपलं नाव लिहायचं होतं. बायबल वाचायचं होतं. कॅटलॉगमधून सामान मागवायचा फॉर्म भरायचा होता. मनिऑर्डर करायची होती. परगावी गेलेल्या मुलाचं पत्र दुसऱ्याकडून वाचून न घेता स्वतः वाचायचं होतं. मतदान या यादीत कोणी सर्वांत वर सांगितलं नव्हतं.

अभ्यासक्रम या उत्तरांवर बसवला गेला. पुठ्ठ्यावर प्रत्येकाचं नाव मोठ्या अक्षरात लिहून दिलं आणि त्यावरून पेन्सिल पुन्हा पुन्हा फिरवायची, हाताला वळण येईपर्यंत. हिशेब शिकवताना वर्तमानपत्रातल्या किराण्याच्या जाहिराती घेतल्या. इतक्याला इतकं तर तितक्याला किती? कुंपणाला किती तार लागेल, अमुक अंतर जायला किती पेट्रोल लागेल. भिंतीवर मानवी हक्कांचा वैश्विक जाहीरनामा लावला होता आणि सत्र संपेपर्यंत तो वाचता यावा असं ठरलं होतं. आणि नोंदणीचा फॉर्म, घटनेतले उतारे, त्यातले अवघड शब्द.

गोऱ्या पाहुण्यांना वर्गापासून दूर ठेवलं गेलं, हॉर्टनही त्यात आले. ज्याच्या संस्थेने हे सगळं उभं करायला मदत केली त्याने वर्गात पाऊल टाकायचं नाही, असा हा नियम. तो बसल्याबसल्याही खोलीतला तोल बदलला असता. क्लार्क मात्र येत-जात राहिल्या. काय चाललंय ते पाहायचं, अडलं तिथे रॉबिन्सन यांच्याशी बोलायचं, पुढच्या वर्गाचा विचार करायचा. शिबिरानंतरचा पाठपुरावा हा शब्द आपण सर्रास वापरतो. क्लार्क यांनी तो जसा केला तसा मी फार थोड्या ठिकाणी पाहिला आहे, कारण त्यात अहवाल मागणं नव्हतं, सोबत बसणं होतं.

सत्राअखेरीस वर्गातल्या बहुतेकांची मतदार म्हणून नोंदणी झाली. पुढच्या हिवाळ्यात वर्ग पुन्हा भरला आणि वॅडमलॉ, एडिस्टो या शेजारच्या बेटांवरून आणि उत्तर चार्ल्सटनहून मागण्या आल्या. तिथे शिकवायला तिथलीच माणसं घेतली गेली. रॉबिन्सन आता शिक्षकांना तयार करू लागल्या.

घाव

३१ जुलै १९५९ च्या रात्री पोलिसांनी हायलँडरवर छापा घातला. हॉर्टन परदेशात होते, जबाबदारी क्लार्क यांच्यावर होती. दारू बाळगल्याच्या आरोपावरून त्यांना अटक झाली. त्या दारूला शिवतही नसत. पुढे खटला चालला, राज्याने शाळेची सनद रद्द केली, १९६१ मध्ये दारं बंद झाली आणि मालमत्तेचा लिलाव झाला. हॉर्टन यांनी नॉक्सव्हिलला वेगळ्या नावाने नव्या सनदेवर काम पुन्हा सुरू केलं.

शाळा गेली, वर्ग मात्र चालू राहिले. वर्ग हायलँडरच्या आवारात नव्हतेच. ते प्रोग्रेसिव्ह क्लबच्या इमारतीत, पार्लरवालीच्या हाताखाली, दुकानाच्या मागे होते. टेनेसीच्या न्यायालयाला तिथपर्यंत हात घालता आला नाही. संस्थेचं नाव, इमारत, बँक खातं गेल्यानंतर काय उरेल, हा प्रश्न कार्यक्रम आखतानाच विचारायला हवा, आणि अलीकडच्या काळात आपल्याकडच्या किती संस्थांना तो अचानक सामोरा आला हे या क्षेत्रातल्या कोणालाही सांगायला नको.

डॉर्चेस्टर

बंद होण्याआधी हायलँडरने हा सगळा कार्यक्रम मार्टिन ल्यूथर किंग यांच्या एससीएलसी या संघटनेकडे सोपवला. सोबत क्लार्क आणि रॉबिन्सन गेल्या. फील्ड फाउंडेशनचं अनुदान मिळालं. जॉर्जियात मॅकिंटॉश इथल्या डॉर्चेस्टर केंद्रात दर महिन्याला पाच दिवसांचं निवासी प्रशिक्षण सुरू झालं. क्लार्क यांच्यासोबत डोरोथी कॉटन आणि अँड्र्यू यंग होते. दक्षिणेतल्या गावागावांतून माणसं बसने येत. शेतमजूर, घरकाम करणाऱ्या, दाई, न्हावी. पाच दिवस राहून परत जात आणि आपल्या स्वयंपाकघरात, अंगणात, चर्चच्या खोलीत वर्ग उघडत. खर्चापोटी महिन्याला सुमारे ३० डॉलर मिळत. क्लार्क यांनी पुढे दिलेल्या हिशेबाप्रमाणे १९५७ ते १९७० या काळात असे ८९७ वर्ग चालले.

इथे आलेल्यांच्या वाट्याला काय आलं हेही पाहिलं पाहिजे. मिसिसिपीतल्या फॅनी लू हेमर ऑगस्ट १९६२ मध्ये नोंदणीला गेल्या म्हणून ज्या मळ्यावर राहत होत्या तिथून त्यांना हाकललं गेलं. जून १९६३ मध्ये चार्ल्सटनच्या प्रशिक्षणाहून परतताना विनोना गावात त्यांना आणि सोबतच्यांना अटक झाली आणि तुरुंगात अमानुष मारहाण झाली. तब्येतीवरचे त्याचे परिणाम त्यांनी पुढे जन्मभर सोसले. नेतृत्व विकासाबद्दल लिहिताना हे गाळून चालत नाही. माणसाला धीट करून त्याच्या गावी परत पाठवणं ही मोठी जोखीम आहे आणि ती पाठवणाऱ्याच्या नव्हे, जाणाऱ्याच्या अंगावर येते.

वाढीबरोबर एक दोष शिरला आणि तो क्लार्क यांनी तेव्हाच ओळखला. वर्ग चालवणाऱ्या बहुतेक बायका होत्या; संघटनेच्या मंडळावर पुरुष, त्यातही धर्मोपदेशक. क्लार्क मंडळात होत्या तरी त्यांचं म्हणणं फारसं ऐकलं जात नसे. मोर्चे सगळे स्वतःच नेऊ नका, गावोगावची माणसं तयार करा म्हणजे ती आपापले मोर्चे नेतील, असं त्यांनी किंग यांना पत्रातून सुचवलं. ते पत्र बैठकीत वाचून दाखवलं गेलं तेव्हा लोक हसले, असं त्यांनी सांगून ठेवलं आहे. ज्या कार्यक्रमाने शेकडो गावांत नेतृत्व वाटून टाकलं त्याच्याच वरच्या मजल्यावर ते एका माणसाभोवती गोळा होत होतं. किंग यांच्याबद्दलचा क्लार्क यांचा आदर शेवटपर्यंत होता, म्हणूनच त्यांच्या या टीकेला वजन आहे.

आपल्याकडे

मराठी वाचकाला यातलं काही अगदी परकं वाटू नये. मुंबईतली कोरो ही संस्था १९८९ मध्ये वस्त्यांमधल्या प्रौढ साक्षरतेसाठी सुरू झाली आणि पुढे वस्तीतल्याच माणसांचं नेतृत्व घडवण्याकडे वळली; तळागाळातल्या कार्यकर्त्यांसाठी तिने फेलोशिप सुरू केली. मुंबईत स्त्रियांना मोफत, स्वच्छ मुतारी मिळावी म्हणून २०११ मध्ये उभी राहिलेली ‘राइट टू पी’ मोहीम याच परिसरातून आली. त्या मोहिमेतल्या मुमताज शेख यांचं नाव २०१५ मध्ये बीबीसीच्या १०० स्त्रियांच्या यादीत होतं. मुतारी हा विषय कुठल्या प्रशिक्षणाच्या पुस्तकात छापलेला असण्याची शक्यता कमी. तो वस्तीतून वर आला आणि कोणीतरी तो ऐकून घेतला.

दुसऱ्या बाजूला, पदवीधर तरुणांना प्रशासनासोबत किंवा अनोळखी गावात वर्ष-दोन वर्षं काम करायला पाठवणाऱ्या फेलोशिप आहेत. त्यांचा उपयोग आहे. शिकलेल्या तरुणाला सरकार आतून कळतं, गाव दिसतं. पण तो फेलो मुदत संपली की निघून जातो. जेंकिन्स कुठेही जाणार नव्हते. या दोन कार्यक्रमांना एकच नाव आणि एकच मोजपट्टी लावली की गोंधळ होतो. बाहेरून आलेल्याला ‘तू काय शिकलास’ असं विचारणं रास्त आहे. गावातल्याच माणसाबाबत मात्र त्याच्याआडून आणखी कोण कोण पुढे आलं ते पाहावं लागतं, आणि ते एका वर्षात दिसत नाही. पहिल्या मागणीपासून पहिल्या वर्गापर्यंतच अडीच वर्षं गेली होती. १२ महिन्यांच्या चौकटीत जेंकिन्स यांची नोंद अपयशी फेलो अशी झाली असती: निवडणूक हरले, शाळा सुरू झाली नाही.

कायद्यानंतर

६ ऑगस्ट १९६५ ला मताधिकाराच्या कायद्यावर सही झाली आणि दक्षिणेतल्या साक्षरता चाचण्या स्थगित झाल्या. ज्या दारासाठी वर्ग सुरू झाले ते उघडलं. पुढच्या काही वर्षांत पैसा आटला, १९७० पर्यंत वर्ग संपत आले.

बेटावर काम थांबलं नाही. प्रोग्रेसिव्ह क्लबने १९६३ मध्ये नवी इमारत बांधली होती, त्यात दुकान, वर्ग, खेळाची जागा आणि बाहेरून येणाऱ्यांच्या मुक्कामाची सोय होती. १९६६ मध्ये जेंकिन्स यांच्या पुढाकाराने एक पतसंस्था सुरू झाली, कारण बँका कृष्णवर्णीयांना घरासाठी कर्ज देत नव्हत्या. जेंकिन्स १९७२ मध्ये वारले. क्लार्क यांना निवृत्तिवेतन परत मिळालं ते १९७६ मध्ये, नोकरी गेल्यानंतर वीस वर्षांनी. त्याच्या आदल्या वर्षी त्या चार्ल्सटन काउंटीच्या शालेय मंडळावर निवडून आल्या होत्या, ज्या व्यवस्थेने त्यांना काढून टाकलं होतं तिच्याच कारभारात, सत्तरी ओलांडल्यावर, मतं मिळवून.